‘पटलमेद’, ‘पारवहन’ आणि ‘ताण’

प्रश्न : जिवाणूंवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ‘मेम्ब्रेन लिपिड’, ‘प्रोटीन ट्रान्सलोकेशन’ आणि ‘स्ट्रेस’ यांना ‘पटलातली चरबी’, ‘प्रथिनांची वाहतूक’ आणि ‘ताण’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर : ‘चरबी’ नको, ती साठवणीची. पटलातले (म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातले) रेणू फॉस्फेटवाले, ‘पटलमेद’ लिहा.

‘वाहतूक’ चूक नाही, पण सैल आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये सेक-ए हे प्रथिन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) खर्चून, घडी न पडलेली प्रथिनसाखळी सेक-वाय-ई-जी या मार्गातून पटलापलीकडे ढकलतं. म्हणून ‘पारवहन’. जी प्रथिनं पटलातच रुतून राहतात त्यांना मात्र हा शब्द लावू नका.

खरी अडचण ‘ताण’ची. जिवाणू एकदम कमी क्षाराच्या पाण्यात पडला की पाणी आत घुसतं आणि पटल अक्षरशः ताणलं जातं. त्या खेचीमुळेच एमएससीएल हा पटलातला मार्ग उघडतो. इथे ‘टेन्शन’ही ताण आणि ‘स्ट्रेस’ही ताण! वाचकाला कळणार कसं? ताण हा शब्द पटलाच्या खेचीसाठी राखून ठेवावा, आणि उष्णता, क्षार, आम्ल यांच्यासाठी ‘प्रतिकूल परिस्थिती’ लिहावं, असं माझं ठाम मत आहे. लांब आहे, पण घोटाळा होत नाही.

प्रश्न : मग ‘प्रतिकूल परिस्थितीत पटलमेद पारवहनाला मदत करतात’ असं लिहू?

उत्तर : ‘मदत’ फार मवाळ आहे. फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हा ऋणभारित पटलमेद कमी केलेल्या ई. कोलायमध्ये पारवहन मंदावतं, हे 1988 मध्येच दाखवलं गेलं. सेक-ए पटलाला नीट धरून काम करतं ते अशा ऋणभारित मेदांमुळे. ‘पारवहन ऋणभारित पटलमेदांवर अवलंबून असतं’ असं लिहा.

शिवाय परिस्थिती बदलली की मेदांचं मिश्रणही बदलतं. थंडीत मेदांमधली असंतृप्त, म्हणजे दाटीनं न बसणारी, मेदाम्लं वाढतात, त्यामुळे पटल प्रवाही राहतं. खारट माध्यमात कार्डिओलिपिन नावाचा पटलमेद वाढतो, तोही ऋणभारित. तेव्हा प्रतिकूल परिस्थितीबद्दलच्या वाक्याचा कर्ता नुसता ‘मेद’ नको, ‘मेदांचं बदललेलं प्रमाण’ हवं.

आणखी एक : कार्डिओलिपिनचं ‘हृदयमेद’ करू नका. तो प्रथम गाईबैलांच्या हृदयातून वेगळा केला, 1942 मध्ये, म्हणून ते नाव. जिवाणूच्या लेखात ते भाषांतर वाचकाला भलतीकडे नेईल.