परक्या भाषेत तुमची भीड कधी चेपली?

परकी भाषा शिकताना किंवा शिकवताना भीड नेमकी कधी चेपली, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी पास झाले तेव्हाही मला बोलता येत नव्हतं. जेएलपीटीत तोंडी परीक्षाच नसते. वाचा, ऐका, गोळे काळे करा. एकदा कंपनीत आलेल्या जपानी साहेबांनी नातीचा फोटो दाखवला. म्हणायचं होतं 'कावाईई', म्हणजे गोड. तोंडून गेलं 'कोवाई', म्हणजे भीतिदायक! आजोबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि मग दिवसभर माझ्याशीच बोलत राहिले. याहून मोठी फजिती आता काय होणार होती?

*

मी पुण्यात जर्मन शिकवते. पूर्वी इंग्रजीतून शिकवायचे, कारण स्वतः तशीच शिकले होते. आकड्यांपाशी वर्ग हमखास अडायचा. २१ म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिष', आधी एक, मग वीस. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एकवीस म्हणता ना? मग?" गाडी सुटली. 'त्स' जमत नाही? चमच्यातला च म्हणा. गौण वाक्यात क्रियापद शेवटी? आपलं असतंच की. मराठी माध्यमातून आलेली, मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं त्या दिवसापासून उत्तरं द्यायला लागली. लिंगं मात्र घोळ घालतात. तीनच आहेत, आपल्यासारखी, पण मुलगी नपुंसकलिंगी! लाडाचा प्रत्यय लागल्यामुळे तसं होतं, हे सांगूनही पोरं खिदळतातच.

*

ताई, आमच्या कोंकणीतही चेडूं नपुंसकलिंगीच. 'तें आयलें.' गोव्याची पोरं पाठवू का वर्गात?

*

जर्मनीत, लाइपझिगला माझं उलटं झालं. जर्मनची बी-१ ही मधली पातळी करून आलो, पण दुकानात जर्मनमध्ये विचारलं की उत्तर इंग्रजीत. चार महिने असेच गेले. मग शेजारच्या आजी भेटल्या. पूर्व जर्मनीच्या काळात शाळेत रशियन शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नाही. कुठला कचरा कुठल्या डब्यात, यावरून त्यांची बोलणी खाता खाता माझं जर्मन सुरू झालं. फोनवर अजून घाम फुटतो.

*

मी फ्रेंच शिकवते. ९० म्हणजे 'कात्र-व्हँ-दीस', चार विसा दहा. एका मुलाने वहीत 'नोनांत' लिहिलं. मी लाल रेघ मारली. तो बेल्जियमला राहून आलेला. घरी येऊन पाहिलं, तर तिकडे आणि स्वित्झर्लंडमध्ये हेच म्हणतात. रात्रभर वाटत होतं, गप्प बसावं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि त्याची माफी मागितली. तेव्हापासून इतके प्रश्न विचारतात की पोर्शन वेळेत संपत नाही.