निफाडकडे भाड्याने घर हवंय. थंडीत ऊब आणि लाइट बिल कमी, सल्ला द्या

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. नवऱ्याला पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये काम मिळालंय, दिवाळी झाली की आम्ही ठाण्याहून तिकडे मुक्काम हलवतोय. आम्ही दोघं, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना संधिवात आहे, थंडी अजिबात सोसत नाही, आणि निफाडचा पारा दर वर्षी बातम्यांत बघून त्यांनी आत्तापासूनच धसका घेतलाय. माझं काम घरूनच असतं, हिशेब लिहिते, म्हणजे दिवसभर लाइट आणि नेट पाहिजेच. भाडं सात-आठ हजार, फार तर नऊ.

तीन जागा नजरेत आहेत. एक मळ्यात, नवं बांधकाम, दोन मोठ्या खोल्या, वर पत्रा, भल्यामोठ्या स्लायडिंग खिडक्या, साडेपाच हजार. दुसरी गावात, जुन्या वाड्याचा अर्धा भाग, दगडमातीच्या जाड भिंती, वर जुन्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) आता पत्रे टाकलेत, जरा अंधारी, सात हजार. तिसरा पिंपळगावातच फ्लॅट, वरचा मजला, नऊ हजार. मी इन्सुलेशनचे व्हिडिओ बघत बसले तर सगळी घरं बर्फातली, सहा इंच कापूस भरलेल्या लाकडी भिंती वगैरे. एजंट म्हणतो हीटर घ्या ताई, विषय संपला. तुम्ही तिकडचे लोक काय करता ते सांगा.

मळेवाला
ताई, पहिलं म्हणजे एजंटला सोडा. मी कुंदेवाडीच्या जवळचा, ते बातम्यांत जे तापमान येतं ते आमच्या इथल्या गहू संशोधन केंद्रातलं. २०१८ च्या डिसेंबरात पारा २ अंशाच्या खाली गेला होता, दवबिंदू गोठले होते. पण असं रोज नसतं हो, लाट येते, चार-सहा दिवस राहते, जाते. एरवी पहाटे ८-१० आणि दुपारी शर्टावर फिरा.

आता एक गोष्ट तुम्हाला कुठला व्हिडिओ सांगणार नाही. थंड हवा जड असते, ती रात्री उतारानं खाली येते आणि सखल भागात साचते. त्यामुळे एकाच गावात नदीकाठचा, कॅनॉलच्या खालचा मळा आणि वरच्या अंगाचं घर यात चांगला फरक पडतो. ओळखायचं कसं, तर गावात विचारा की लाट आली की पहाटे कोणाच्या बागेत शेकोट्या पेटतात. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही धूर करतो, ड्रिप चालू ठेवतो, आणि ज्याच्या बागेत दर वर्षी हे करावं लागतं ती जागा थंडच समजायची. तिथलं घर घेऊ नका, फुकट दिलं तरी.

गोदाकाठ
+१ आणि नदीकाठचं स्वस्त घर दिसलं तर अजून एक कारण. सायखेडा-चांदोरीला २०१६ आणि २०१९ ला पुराचं पाणी घराघरात होतं. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते बघा, रंग नवा असेल तर शेजाऱ्याला विचारा.

रेखाटन
मी नाशिकमध्ये घरांची डिझाइन करते, थोडं लांबण लावते, चालवून घ्या.

ते व्हिडिओ तुमच्या कामाचे नाहीत कारण तिकडे दिवस-रात्र दोन्ही थंड, म्हणून ते आतली हीटरची ऊब अडवतात. आपल्याकडे जानेवारीत दुपारी २८ आणि पहाटे ८ असं असतं. म्हणजे ऊब रोज दारात येते, प्रश्न ती रात्रीपर्यंत टिकवायचा आहे. दीड-दोन फुटांची दगडमातीची भिंत हेच करते, दिवसभर हळूहळू तापते आणि रात्री हळूहळू सोडते. खोली २८ आणि ८ च्या मध्ये कुठेतरी, १८ च्या आसपास रेंगाळते, माणसं आणि चूल-गॅस यांची ऊब वर. आणि हीच भिंत एप्रिल-मेमध्ये उलटं काम करते, निफाडचा उन्हाळाही ४० च्या घरात जातो हे विसरू नका. तुम्ही फक्त थंडीचं घर शोधताय, राहणार बारा महिने.

पत्रा याच्या बरोबर उलट. त्याला जाडीच नाही, संध्याकाळी सूर्य गेला की स्वच्छ आभाळाकडे सगळी उष्णता फेकून मोकळा होतो, पहाटे तर तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि आतून पाणी टपकतं. मळ्यातल्या खोल्यांना खाली छत (सीलिंग) नसेल तर त्या साडेपाच हजारांत तुम्ही काय वाचवलं ते लाइट बिलात जाईल. वाड्याला पत्रा आहे पण खाली धाबं शाबूत आहे का? असेल तर फारच छान, ती मातीची थप्पीच तुमचं इन्सुलेशन.

फ्लॅट वरच्या मजल्याचा नको, मधला असेल तर विचार करा. वरचा स्लॅब पाच इंचाचा, दिवसा तापतो, रात्री गारठतो. मधल्या मजल्याला वर-खाली शेजाऱ्यांची घरं म्हणजे फुकटची गोधडी.

खिडक्यांचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, २२ डिसेंबरला नाशिकात दुपारी साडेबाराच्या सुमारास तो जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. जूनमध्ये तोच डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. म्हणून दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दीड फुटाचा छज्जा असला की डिसेंबरात अर्ध्याहून जास्त काचेवर ऊन पडतं आणि मार्च संपताना दुपारचं ऊन आपोआप बंद होतं. पश्चिमेच्या मोठ्या काचा मात्र उन्हाळ्यात भाजून काढतात. घर बघायला जाताना फोनमध्ये होकायंत्र उघडा, मालक "पूर्वमुखी आहे" म्हणेल तिकडे लक्ष देऊ नका, तो दाराबद्दल बोलतोय, तुम्हाला खिडक्यांशी काम आहे.

सिन्नरी_वारा
सगळे निफाड निफाड करतात, सिन्नरला या एकदा, थंडी कमी पण वारा असा की चहा बशीत ओतेपर्यंत गार. उत्तरेच्या बाजूला फट असलेलं घर घेऊ नका एवढंच.

वायरमन_नाना
वरचं सगळं ठीक आहे पण बाई घरून काम करणार आहेत आणि कोणी फिडरचं (घराला लाइट कोणत्या लाइनीवरून येते त्याचं) विचारलं नाही! मळ्यातलं घर कोणत्या फिडरवर आहे ते आधी बघा. गावठाण फिडर असेल तर चोवीस तास लाइट धरून चाला (वादळ-वारं सोडून). शेती फिडर असेल तर थ्री फेज पाळीनं येते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री, उरलेल्या वेळात सिंगल फेज मिळाली तर मिळाली, आणि व्होल्टेज एवढं कमी की फ्रीज घरघरतो. त्यात गव्हाला-कांद्याला पाणी सुरू झालं की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो, डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत बसा अंधारात. नेमकं डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तुम्हाला गरम पाणी पाहिजे तेव्हाच.

शेजारच्या माणसाला विचारा, मालकाला नाही. आणि महावितरणचं शेवटचं बिल मागून घ्या, त्यावर घरगुती लिहिलंय का शेतीचं ते दिसतं. शेतीच्या मीटरवरून घराला वायर ओढलेली असेल तर तिथून निघा.

हीटरचा हिशोब देतो. २००० वॅटचा हीटर चार तास म्हणजे ८ युनिट रोज, महिन्याला २४०. घरगुती दर १०० युनिटच्या पुढं चढतो, ३०० च्या पुढं अजून चढतो. तेलाचा हीटर, फॅनचा, रॉडचा, सगळे खाल्लेल्या विजेएवढीच उष्णता देतात, दुकानदार "हा कमी खातो" म्हणाला तर तो ऊबही कमीच देणार. रॉडवाला समोर बसलेल्या माणसाला लगेच शेकतो, बाकी खोली तशीच, म्हणून म्हाताऱ्या माणसाजवळ तेवढ्यापुरता तोच बरा.

माजघर
सासूबाईंसाठी हीटरपेक्षा इलेक्ट्रिक ब्लँकेट बघा, शंभर वॅटच्या आसपासच असतात, झोपायच्या आधी अर्धा तास लावून बंद करायचं. माझ्या आईला संधिवात, ती गरम पाण्याची पिशवी आणि खाली घोंगडी यावर हिवाळा काढते. शहाबादी फरशी असेल तर मात्र सतरंजी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका, गुडघे बोलतात.

आणि कळकळीनं सांगते, कोळशाची शेगडी दार-खिडकी लावून खोलीत ठेवून झोपू नका. कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. गावात अजून लोक करतात, "आमच्याकडं काही झालं नाही" म्हणतात, ऐकू नका.

वाड्याबद्दल म्हणाल तर मी वाड्यात राहते. ऊब खरी आहे. पण उंदीर आहेत, मातीच्या भिंतीत वाळवी लागते, खुंटी ठोकली की पोपडा पडतो, आणि संडास बहुतेक मागच्या अंगणात असतो. पहाटे पाचला सासूबाई अंगणातून जाणार का? हे कोणी पुरुषमाणूस सांगणार नाही म्हणून मी सांगतेय.

मळेवाला
हे बरोबर बोललात ताई. आणि मळ्यात संडास बाहेर असेल तर बिबट्या पण आहे. उसाच्या पट्ट्यात रात्री एकटं बाहेर पडायची सोय नाही, मस्करी करत नाही.

खाडीकाठची
बापरे. बिबट्या कोणी सांगितलाच नव्हता!! मळ्यातलं घर रद्द. नाना, मी फोन करून विचारलं, शेती फिडरच निघाला, मालक म्हणाला "इन्व्हर्टर लावा ना".

रविवारी जाऊन आलो. वाड्यात धाबं शाबूत आहे, संडास-बाथरूम पडवीत नवं बांधलंय, छपराखालूनच जायचं. पण मागच्या खोलीची उत्तरेची भिंत खालून हातभर ओली आहे, मालक म्हणतात पावसाची ओल, वाळेल. दक्षिणेला अंगण आहे पण तिकडं फक्त एक दार आणि एक छोटा झरोका. गरम पाण्याला काहीच नाही. फ्लॅट बघितला, वरून चौथा आहे, खालून तिसरा, म्हणजे मधलाच निघाला, पण खिडक्या सगळ्या पश्चिमेला.

रेखाटन
ओल दोन प्रकारची. पावसाळ्यानंतर वरून खाली उतरलेले डाग म्हणजे छताची किंवा पागोळीची गळती, ती वाळते. जमिनीकडून वर चढलेली, पांढरी खारी फुललेली, ती वाळत नाही, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा बरीच गार लागते, तुमची जाड भिंतीची सगळी मजा तिथे संपते. मोरीचं पाणी मागच्या बाजूला भिंतीलगत मुरतंय का बघा, निम्म्या वेळा तेच असतं, चर काढून पाणी लांब सोडलं की महिना-दोन महिन्यांत फरक पडतो. वर सिमेंटचा गिलावा मात्र मारू देऊ नका, मातीच्या भिंतीतला ओलावा आतच कोंडतो. चुन्याचा हात चालेल. त्या खोलीत सामान ठेवा, सासूबाईंना दक्षिणेची खोली द्या, आणि दिवसा अकरा ते चार ते दार सताड उघडं, सूर्य कलला की सगळं बंद. हा रोजचा परिपाठ ठेवला तर अर्धं काम झालं.

वायरमन_नाना
गरम पाण्याचं. १५ लिटरची गिझरची टाकी १५ अंशांवरून ५० ला न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. चौघांचं मिळून रोज तीनेक युनिट धरा. सोलर बसवला तर हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, पाणी चांगलं तापतं, काचेच्या नळ्यांचा घ्या, बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर तांब्याच्या पाइपवाल्यात खर बसते. चौघांना १५०-२०० लिटर. पण भाड्याच्या घरात मालकाशी बोलूनच, आणि टाकीपासून बाथरूमचा पाइप लांब असेल तर त्याला गुंडाळी करा नाहीतर पहिली बादली गारच येते.

छतावरच्या सोलर पॅनलला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण ते मीटर ज्याच्या नावावर त्याला. मालक तयार असेल तर त्याच्या कानावर घाला, एका किलोवॅटला रोज चारेक युनिट पडतात.

गोदाकाठ
एवढं कशाला, तांब्याचा बंब ठेवा अंगणात. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पिंपळगावात फुकट मिळतात.

माजघर
रोज पहाटे तो पेटवणार कोण ते पण लिहा दादा.

सिन्नरी_वारा
😂😂

खाडीकाठची
बंब नवऱ्यानं पेटवायचा असं घरी ठरलंय, बघू किती दिवस टिकतंय.

वाडाच घेतोय बहुतेक. मालकांनी मोरीचं पाणी मागे सोडल्याचं कबूल केलं, चर काढून देतो म्हणाले, भाडं साडेसहा केलं. दोन शंका राहिल्यात. सबमीटर लावलाय आणि मालक युनिटला सरसकट बारा रुपये म्हणतात, बरोबर आहे का? आणि जुन्या दारा-खिडक्यांच्या फटी बोट जाईल एवढ्या आहेत, त्या कशानं बुजवायच्या?

वायरमन_नाना
सरसकट नको. दोन्ही घरं एकाच मीटरवर असली तर एकूण युनिट वाढून तुम्ही दोघंही वरच्या दरात जाता, मग भांडणं. तुमच्या भागाला वेगळं घरगुती मीटर मागा, मालकानं अर्ज करायचा, खर्च वाटून घ्या. ते होईपर्यंत दर महिन्याचं मूळ बिल दाखवून सरासरी दरानं पैसे द्यायचे, हे अकरा महिन्यांच्या करारातच लिहून घ्या.

मळेवाला
फटीला दाराच्या रबराची पट्टी मिळते चिकटवायची, पिंपळगावात हार्डवेअरच्या दुकानात मागा. खालच्या फटीला जुन्या लुगड्याची वळकटी शिवून आत वाळू भरा. पण स्वयंपाकघराचा झरोका बुजवू नका, तिथं गॅस आहे. चर काढायला माणूस लागला तर सांगा, छाटणी उरकली की आमच्याकडची दोन पोरं मोकळी असतात.