मदत हवी: डायने कापलेले साडीचे चौकोन एक सूत (1/8 इंच) कमी भरतात (सांगली)

जुन्या सुती साड्यांचे चौकोन डाय कटरवर कापून ब्लॉकची गोधडी करते आहे. मशीन हाताने फिरवायचं, दोन रोलरचं. वहिनींनी परदेशातून येताना डायसकट आणलं. डाय म्हणजे फळीत बसवलेली पोलादी पाती, आजूबाजूला स्पंज. तिच्यावर कापडाचे थर, त्यावर प्लास्टिकचा पॅड, आणि हे सगळं रोलरमधून पलीकडे काढायचं.

डाय साडेचार इंची चौकोनाची आहे. सगळीकडून शिवणीत पाव इंच माया गेली की 4 इंच उरतात, असे चार जोडले की 8 इंची ब्लॉक. नवीन पॉपलीनचे चौकोन काटेकोर निघतात. साडीचे मात्र एकीकडून साडेचार आणि दुसरीकडून एक सूत कमी! आठ ब्लॉकांच्या ओळीत सोळा चौकोन, म्हणजे सरळ दोन इंचांची तूट. आईच्या वाकळेत हे खपून जायचं, ठिगळावर ठिगळ ठेवून धावदोरा घातला की झालं. ब्लॉकमध्ये शिवणीला शिवण भिडत नाही.

शिवाय काही तुकडे दोन-चार धाग्यांवर लटकून राहतात. कात्रीच लावायची तर मशीन कशाला?

आणखी एक. त्रिकोणाची डाय नाही. इथे पुठ्ठ्याची खोकी डायने कापणारे (पंच करणारे) आहेत, त्यांच्याकडून बनवून घेतली तर चालेल का? (रोटरी कटर, म्हणजे हाताने फिरवायचं गोल पातं, घ्या असं कृपया सांगू नका, मनगट साथ देत नाही.)

प्रतिसाद (विटा):
ताई, साडी कशी ठेवता? रोलर कापड दाबतो तसं पुढे ओढतोही. आडवा धागा जास्त ताणतो. तो रोलरच्या चालीत आला तर कापड ताणलेलं असतानाच कापलं जातं आणि बाहेर आल्यावर आक्रसतं. काठाला समांतर असतो तो उभा धागा, तो चालीच्या दिशेने ठेवा. धुऊन मऊ झालेल्या साडीला आधी खळ द्या. भाताची पेज गाळून, पातळ करून वापरली तरी चालते. कडक इस्त्री करा आणि थर कमी घ्या. अ‍ॅक्युक्विल्ट कंपनीच्या ‘गो’ नावाच्या डाय कटरवर सुती कापडाचे 6 थर कापता येतात, पण ते चांगल्या कापडाचं गणित. विरलेल्या साडीचे मी तीनच घेईन.

धागे दरवेळी एकाच जागी राहतात का ते बघा. तसं असेल तर पॅडला तिथे चर पडलाय किंवा पात्याला खाच आहे. पॅड उलटा करून फिरवून बघा. जागा बदलत असेल तर दोष कापडाचा.

प्रतिसाद (सातारा):
आमचं पंचिंगचंच काम आहे. खोक्याच्या डायची पाती साधारण 23.8 मिमी उंच असते, तुमच्या रोलरच्या फटीत ती बहुतेक जाणार नाही. जबरदस्तीने घालू नका, रोलर वाकेल. हवी तर डाय बनवून घ्या आणि कापडही त्यांच्याच मशीनवर पंच करून आणा. मात्र नग भरपूर असतील तरच परवडतं. आणि चित्र मायेसकट द्या: शिवून 4 इंच हवा असेल तर त्रिकोणाच्या काटकोनातल्या दोन्ही बाजू पाच इंचांना एक सूत कमी. कारागीर दिलेल्या मापानेच पाती वाकवतो, माया तो धरत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. धागे एकाच कोपऱ्यात राहत होते, पॅड उलटा केल्यावर तिथे साफ कापलं. त्रिकोणाचं बचत गटात विचारते, पाच-सहा जणींचं काम एकत्र निघालं तर पंचिंगला देऊ. पण ज्या तुकड्यांना काठच उरलेला नाही, त्यांचा उभा धागा कसा ओळखायचा?

प्रतिसाद (विटा):
दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी एका दिशेने ओढा, मग दुसऱ्या. कमी ताणतो तो उभा. हे खळ द्यायच्या आधी करा, नंतर फरक कळत नाही.