पहिला स्टॉल कुठे लावावा? मोठं प्रदर्शन की लहान बाजार?

पायपीट (धागालेखक)

नव्या उद्योगाला ठरलेला सल्ला मिळतो: मोठं वार्षिक प्रदर्शन गाठा, तिथे हजारोंनी लोक येतात. माझं मत उलटं आहे. पहिलं वर्षभर तरी दर आठवड्याला किंवा महिन्याला भरणारे लहान बाजार धरावेत. तेही जाहिरात बघून नव्हे, जागा बघून शोधावेत. ज्या आयोजकाचे स्टॉल खपत नाहीत तो शेवटच्या दिवसापर्यंत जाहिरात करत राहतो. चांगल्या बाजारात जुने विक्रेतेच पुढच्या खेपेची जागा धरून ठेवतात, त्यामुळे त्याचा बोलबाला बाहेर फारसा होत नाही.

परिसरातली सभागृहं, शाळांची मैदानं, वाचनालयं, वसाहतींची क्लबघरं, मोठी कार्यालयं यांची यादी करा आणि तिथे बुकिंग बघणाऱ्या माणसाला विचारा, "पुढच्या तीन महिन्यांत विक्रीची प्रदर्शनं कोणाकोणाची आहेत?" आयोजक कळला की त्याचं पुढचं प्रदर्शन ग्राहक म्हणून बघून या. दाराशी १५ मिनिटं उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजा. हे दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा करा. आयोजक सांगतो तो आकडा फिरायला आलेल्यांचा असतो, आपल्याला घेणारे मोजायचे आहेत.

ठोकमाल

असहमत. लहान बाजार सोपा वाटतो म्हणूनच त्यात वर्ष निघून जातं. साबण किंवा मेणबत्त्या असतील तर ठीक, माल संपतो आणि गिऱ्हाईक परत येतं. पण लाकडी दिवा किंवा चामड्याची पिशवी एकाच घरात कितीदा जाणार? तिसऱ्या-चौथ्या खेपेला समोर तेच चेहरे असतात आणि ते लांबूनच हात हलवून पुढे जातात. शिवाय पहिल्या दोन खेपांच्या विक्रीत ओळखीपाळखीची भीड किती आणि मालाची पसंती किती, हे वेगळं काढता येत नाही. त्या भरवशावर माल वाढवला की तो घरात पडून राहतो.

मोठ्या प्रदर्शनात दुकानदार येतात. ते बहुधा पहिल्या दिवशी, गर्दी व्हायच्या आत फिरून जातात. त्यांच्यासाठी एका पानाचं घाऊक दरपत्रक छापून ठेवावं: कमीत कमी किती नग, माल किती दिवसांत मिळणार, आगाऊ किती टक्के, वाटेत फुटलं तर भरपाई कोणाची. "घरी जाऊन कळवते" असं म्हटलं की तो दुकानदार हातचा गेला.

हिशेबनीस

दोघेही आकड्याशिवाय भांडताय. खर्च नगांत मोजा, म्हणजे लगेच उलगडा होतो.

धरून चालू की लहान बाजारात भाडं, ने-आण, मदतनीस, वेष्टनं हे सगळं ६० नगांच्या नफ्यातून भरून निघतं. समोरून तासाला २०० माणसं जातात. दहात एक थांबतो, म्हणजे २०. थांबणाऱ्या पाचांत एक घेतो, म्हणजे ४ नग. आठ तासांत ३२. आता त्या ६० नगांमध्ये निम्मं भाडं आहे असं समजा आणि आयोजकाने ते पूर्ण माफ केलं. उरलेला खर्च ३० नगांचा, म्हणजे दिवसभर उभं राहून दोन नगांचा नफा. "स्टॉल फुकट आहे, घेऊन टाक" म्हणणाऱ्यांनी हे एकदा मांडून बघावं.

मोठ्या प्रदर्शनात समोरून तासाला ६०० जातात, पण रेटारेटीत थांबतात कमी. विसात एक धरू: ३० थांबले, ६ नग गेले, दिवसाचे ४८. त्या एका दिवसाचा खर्च १५० नगांचा धरू. ठोकमाल म्हणतात तशी १०० नगांची घाऊक ऑर्डर मिळाली तर त्यात नगामागे नफा निम्मा, म्हणजे ५० धरा. अशा दोन ऑर्डरी आल्या तरी बेरीज १४८. दोन नगांनी तोटाच.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. "दहात एक" आणि "पाचांत एक" ही दोन गुणोत्तरं प्रत्येकाने आपापल्या मालाची काढायची. वहीत थांबणाऱ्यासाठी एक रेघ, घेणाऱ्यासाठी फुली. थांबतच नसतील तर दोष मांडणीत किंवा जागेत असतो. थांबून नुसतेच जात असतील तर किंमत बघा, किंवा किंमत लिहिलेली तरी आहे ना ते बघा. पुष्कळ जण भाव विचारायला संकोचतात आणि न बोलता पुढे सरकतात.

ठोकमाल

दोन नगांचा तोटा मान्य. पण त्याच दुकानदाराची दुसरी ऑर्डर फोनवर येते, तिला स्टॉलचं भाडं लागत नाही. तुमच्या वहीत पुढचे सहा महिने कुठे आहेत?

हिशेबनीस

दुसरी ऑर्डर आली की वहीत येतील. ती येईलच असं समजून भाडं भरू नये, एवढंच.

शंकासुर

पिशव्या मोजण्याच्या युक्तीत दोन भोकं आहेत. काही प्रदर्शनांत दाराशीच जाहिरातीची पिशवी फुकट वाटतात. मग दहातल्या दहा हातांत पिशवी दिसते आणि आपण खूश! आणि चौघांचं कुटुंब एकच पिशवी घेऊन बाहेर पडतं. म्हणून माणसं न मोजता घोळके मोजा आणि पिशवी भरलेली आहे का ते बघा.

दुसरं, वर्षातून एकदा भरणारं प्रदर्शन आधी बघायला कसं जाणार? त्यासाठी गेल्या दोन वर्षांचे फोटो शोधून काढा आणि स्टॉलच्या पाट्या वाचून दोन याद्या करा. ४० पैकी २५ नावं दुसऱ्या वर्षीही दिसली तर तिथे धंदा होतो. पाचच दिसली तर आयोजकाच्या गोड बोलण्याला भुलू नका. मग त्यांतल्या दोघातिघांना फोन करा, पण तुमचाच माल विकणाऱ्याला नको, तो स्पर्धक कशाला वाढवेल? वेगळा माल, पण साधारण तुमच्याच किमतीचा, असा विक्रेता निवडा. "विक्री कशी झाली?" असं विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "यंदा पुन्हा घेतलाय का? कोणत्या रांगेत?" हे विचारा.

ताडपत्री

मोठं की लहान यावर सगळे तावातावाने बोलताहेत, अर्जामागच्या अटी मात्र कोणी वाचत नाही. पैसे भरण्याआधी नकाशा मागा. नकाशा नाही म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा आखणीच झालेली नसते आणि आदल्या रात्री तुम्हाला जिन्याखाली ढकलतात. दारातला पहिलाच स्टॉल टाळा. आत शिरणारा माणूस अजून बघतोय, "परत येताना घेतो" म्हणतो आणि दुसऱ्याच दाराने निघून जातो. ध्वनिक्षेपकासमोरची जागाही टाळा, गिऱ्हाइकाला काही समजावून सांगता येत नाही. खाण्याच्या स्टॉलजवळ गर्दी असते खरी, पण तिची रांग तुमचं टेबल झाकून टाकते आणि तेलकट हातांनी कापड कोणी उलगडून बघत नाही.

अटींत हे लेखी हवं: तुमच्यासारख्याच मालाचे किती स्टॉल देणार, भाड्याशिवाय विक्रीवर टक्केवारी आहे का, दिव्यापुरती वीज मिळणार का, पाऊस आला किंवा कार्यक्रम पुढे ढकलला तर पैसे परत की नुसती पुढची तारीख. उघड्यावर ३ × ३ मीटरचं छत असेल तर प्रत्येक पायाला १५ ते २० किलो वजन बांधा. फरशीवर खुंट्या ठोकता येत नाहीत आणि पाण्याची एक-एक बाटली लटकवून काही होत नाही, वारा खालून शिरला की छत शेजाऱ्याच्या मालावर जातं.

आणि फसवणूक. न भरणाऱ्या प्रदर्शनाचे स्टॉल विकणारे लोक आहेत. "शेवटचे दोनच उरलेत, आत्ता पाठवा" असा निरोप, पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात, आणि पत्रिकेवर खरोखरच्या सभागृहाचं नाव. अशा वेळी पत्रिकेवरचा नंबर फिरवू नका. सभागृहाचा नंबर स्वतः शोधा आणि त्या तारखेला बुकिंग कोणाचं आहे ते विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायपीट

टिकाऊ मालाबद्दलचा ठोकमाल यांचा मुद्दा पटला. अशा मालासाठी एकच बाजार धरून बसू नये. वेगवेगळ्या वस्त्यांतले चार बाजार घ्यावेत आणि प्रत्येकात सहा-आठ आठवड्यांनी जावं. मोठ्या प्रदर्शनाला मात्र अजूनही नाहीच. फार तर दोघांनी मिळून एक स्टॉल घ्यावा. एकमेकांना पूरक माल असावा आणि आयोजकाची लेखी परवानगी असावी, कारण अनेक ठिकाणी पोटभाडेकरू चालत नाही.

ठोकमाल

अर्ध्या स्टॉलचा सल्ला देण्याआधी फूटपट्टी लावा. ३ मीटर दर्शनी बाजूचे दोन भाग केले तर प्रत्येकी दीड मीटर. नेहमीचं सहा फुटी टेबल १ मीटर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब असतं, ते आडवं बसतच नाही.

ताडपत्री

टेबलं उभी लावा. दोन्ही बाजूंच्या कडेला एकेक टेबल, रुंदी ७५ सेंटिमीटर धरली तरी मधे दीड मीटरची वाट राहते. गिऱ्हाईक आत येतं आणि बाहेरच्या धक्काबुक्कीतून सुटून दोन मिनिटं थांबतं. विक्रेत्याने टेबलामागे उभं राहायचं नाही, आतल्या टोकाला राहायचं. फक्त पैशाचा डबा कमरेला बांधा. टेबलाची पुढची टोकं रस्त्याला लागून असतात, तिथे हलका आणि महाग माल ठेवू नका.