शब्दचर्चा: पेव

निपाणी: 'अफवांचं पेव फुटलं' हे नेहमी वाचतो. मग 'पुरानंतर मदतीचं पेव फुटलं' असं लिहिलं तर चालेल का? आणि मुळात पेव म्हणजे काय?

अथणी: जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. कन्नडात हगेव. चांगल्या सालाची ज्वारी दुष्काळासाठी त्यात जायची. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट रुंद. जागा गावठाणातली पांढरी माती किंवा घट्ट मुरूम. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातूनच आत उतरतं. तळाला नि कडेनं कडबा-भुसकाटाचा जाड थर, मग गळ्यापर्यंत ज्वारी, वर पुन्हा भुसकाट, दगडी झाकण आणि पाणी थांबू नये म्हणून मातीचा उंचवटा. ज्वारी कडक वाळलेली हवी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत; दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. ओली गेली तर बुरशी धरून ढेपा होतात. बियाणं मात्र पेवात ठेवू नये, उगवण घटते.

रायबाग: पेव काढण्याबद्दल लिहायलाच हवं. बंद पेवात ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यानंच कीड मरते आणि त्यानंच माणूसही मरतो. झाकण काढून पेव चांगलं वारं खाऊ द्यावं. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. विझला तर उतरायचं नाहीच, पण जळत राहिला म्हणून हवा चांगली असंही धरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोघं धरायला. आतला कोसळला तर त्याच्यामागं उडी घ्यायची नाही, दोरानंच ओढायचं. एकामागोमाग एक माणसं जातात ती इथंच.

अथणी: आता मूळ प्रश्न. पेव थोडं थोडं काढता येत नाही. हवा लागली की कीड धरते, म्हणून सगळं एकदम बाहेर. घरापुरतं ठेवून उरलेलं सवाई-दिढीनं, म्हणजे सव्वापट-दीडपट परत घ्यायच्या बोलीनं, दिलं जायचं. वाक्प्रचारातला एकाएकी, आवरेना असा भाव त्याच्याशी जुळतो. पण आज तो नकोशा गोष्टींनाच लावतात: अफवा, बनावट बियाणं, खासगी सावकार. मदतीला 'ओघ' म्हणा.

खानापूर: आमच्याकडं पाऊस फार, पेव जमत नाही. भात कणगीत: बांबूची, शेणानं लिंपलेली, दगडांवर उचललेली. कृष्णा-दूधगंगेच्या काठीही हाच विचार करावा. २००५ च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं पाण्याखाली गेली. पेव दुष्काळाचं, पुराच्या गावाला धान्य माळ्यावरच हवं.