दाभोळ खाडीचा गाळ उपसावा की नको?

खाडीकाठी:
२०२१ च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीचा गाळ काढला, तसा खाली खाडीतलाही काढा, असं आता जो तो म्हणतो. माझा विरोध आहे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी याच खाडीला मिळतं. शिसं, जस्त, तांबं पाण्यात फार काळ राहत नाही. चिखलाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतं. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून गंधकाशी बांधलेलं राहतं. ड्रेजरने चिखल ढवळलात की तेच सुटणार, आणि भरती ते तिसऱ्यांपर्यंत, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांपर्यंत पोचवणार.

लोटेवाला:
आला कारखान्यांच्या नावानं शिमगा! सह्याद्रीचा काळा दगड आणि जांभा, दोन्हींत लोखंड, क्रोमियम, निकेल मुळातच असतं. ते पावसाबरोबर खाडीत येणारच. आमच्या सांडपाण्याचे अहवाल मर्यादेत असतात.

खाडीकाठी:
मर्यादा कुठली ते बघा. शिसं नदीनाल्यात सोडायचं तर लिटरला ०.१ मिलिग्रॅम, किनाऱ्याच्या समुद्रात २. वीसपट सूट! शिवाय अहवाल पाण्याचा. रोजचं थोडंथोडं तळाशी साठतं त्याचा हिशोब त्यात नाही. दगडाचं म्हणणं मान्य. पण त्यावर उपाय आहे: धातूचं दगडमातीतूनच येणाऱ्या ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढलं की दगडाचा वाटा वेगळा पडतो. नळी ठोकून गाळाचा उभा गाभा काढा, वसाहतीच्या आधीचा थर आणि वरचा थर शेजारी ठेवा. शिसे-२१० या शिशाच्या किरणोत्सारी प्रकारावरून थरांचं वयही कळतं.

होडीवाला:
तुमचं गुणोत्तर होईपर्यंत आम्ही काय करायचं? ओहोटीला होडी रुतते. मासे मरून वर येतात तेव्हा नमुना घ्यायला माणूस उगवतो दोन भरत्या होऊन गेल्यावर. जेटीपुरता तरी उपसा. फक्त तो गाळ भरतीचं पाणी चढतं त्या खाजणात टाकू नका, तिथे आमच्या बायका कालवं काढतात.

लोटेवाला:
कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं, एवढ्या पाण्यात काय उरणार?

खाडीकाठी:
अहो, पाणी पातळ होईल, चिखल कसा होईल? होडीवाले दादा, जेटीपुरत्या उपशाला माझी ना नाही, पण गाभा आधी. गाळ घातक निघाला तर तो पार नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात न्यावा लागेल. ते भाडं लोटेवाले देणार की ग्रामपंचायत?