मदत हवी आहे : इब्न मालिक यांचं जन्मसाल आणि गुरू

मंडळी, अरबी व्याकरण सुमारे हजार ओळींत पद्यबद्ध करणाऱ्या ‘अल्फिया’कार इब्न मालिक यांच्या मराठी चरित्रटिपणात दोन गाठी सुटत नाहीत.

पहिली किरकोळ. मृत्यू दमास्कसला, हिजरी ६७२, म्हणजे इ.स. १२७४. जन्म अंदलुसमधल्या (मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमधल्या) जय्यानचा (आजचं हाएन), पण साल कुठे हिजरी ६०० तर कुठे ६०१. हिजरी वर्ष ३५४-५५ दिवसांचं असल्याने नुसते ६२२ (हिजरी सन सुरू झाला ते इ.स. वर्ष) मिळवून चालत नाही. तसं केलं तर जन्म १२२२ येतो आणि आयुष्य अवघं ५२ वर्षांचं उरतं. ६०० हिजरी सप्टेंबर १२०३ ते ऑगस्ट १२०४ असं पडतं. मग ‘१२०३ ते १२०५ दरम्यान’ लिहावं का?

खरी अडचण गुरूंची. हलबला (अलेप्पो) ते वैयाकरण इब्न यईश यांच्याकडे शिकायला बसले, दमास्कसला सखावी या विद्वानांकडे. तरी पुढच्या पिढीतले वैयाकरण अबू हय्यान म्हणतात की यांना नाव घेण्याजोगा गुरूच नव्हता. अबू हय्यान टीकेला तिखटच, त्यामुळे हे कितपत धरायचं? जय्यानमधल्या शिक्षकांची नावं कोणत्या अरबी चरित्रकोशात आहेत? खंड-पान द्या. इब्न मालिक यांचा मुलगा बद्रुद्दीन यांनीही अल्फियावर भाष्य लिहिलं आहे आणि तेही ‘इब्न मालिक’च, तेव्हा दोघांची गल्लत होत नाही ना, तेवढं तपासून सांगा.